बल्ब विझला म्हणजे रिकामा

योगिता धोदडेबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. तलासरीच्या बाजारात बोलतात, वेवजीच्या पाड्यात बोलतात. डहाणू रोडच्या माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईकसुद्धा चार्जर काउंटरवर ठेवता ठेवता विचारतं, "जिच्या हातून बाप गेला ती पोरगी तुमच्याकडेच होती ना?" मी हो म्हणतो आणि चार्जर उघडायला घेतो. हे लिहून काढतोय, कारण तोंडाने सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि मी भलतंच बोलून बसतो.

मी विपुल. आमची चिकूची वाडी आहे, ती भाऊ बघतो. माझं डोकं पहिल्यापासून तापट. झाडांवर ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून मी स्टेशनजवळ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि माणसांवर ओरडायला लागलो. टीव्ही, इन्व्हर्टर, बॅटरीचे चार्जर, वजनकाटे, जे काही बिघडेल ते येतं. यातल्या बहुतेकांच्या पोटात एकच वस्तू असते, पॉवर सप्लाय. आम्ही तिला एसएमपीएस म्हणतो.

तिचं काम सांगायला सोपं आहे. भिंतीतली वीज आत घ्यायची, एका जाड कॅपॅसिटरमध्ये भरायची आणि तिथून बारीक बारीक तुकडे करून पुढे सोडायची. तो कॅपॅसिटर दिसायला अंगठ्याएवढा, काळी डबी. त्यात सव्वातीनशे व्होल्ट साठतात, आणि प्लग काढला म्हणून ते कुठे जात नाहीत. चालती सप्लाय बंद केली तर ती आपला साठा आपणच संपवते. मेलेल्या सप्लायला तेही जमत नाही, ती भरलेलीच पडून राहते. आणि आमच्याकडे येतात त्या सगळ्या मेलेल्याच.

आठ वर्षांपूर्वी योगिता आयटीआय करून माझ्याकडे आली तेव्हा मी हा कॅपॅसिटर स्क्रू-ड्रायव्हरने रिकामा करायचो. दोन पायांवर पातं आडवं टेकवायचं, फाट्कन आवाज, निळी ठिणगी, काम झालं. गिऱ्हाईक दचकायचं आणि मला बरं वाटायचं. पहिल्याच दिवशी ही वेवजीची किडकिडीत पोरगी मला म्हणाली, "शेठ, हे बरोबर नाही. पातं वितळून डोळ्यात उडेल." मी तिला तासभर काही काम दिलं नाही. ती स्टुलावर बसून राहिली. मग उठली, रद्दीतून एक होल्डर शोधला, त्यात साठचा साधा पिवळा बल्ब लावला, दोन वायरी जोडल्या आणि टोकांना व्होल्ट मोजायच्या मीटरच्या जुन्या पिना बसवल्या.

"या पिना कॅपॅसिटरच्या पायांना लावायच्या," ती म्हणाली. "बल्ब पेटतो, पिवळा पडतो, विझतो. विझला म्हणजे रिकामा. मग मीटर लावायचा. मग हात."

"विझला म्हणजे रिकामा ना? मग मीटर कशाला?"

"बल्बच गेलेला असला तर?"

असं तिचं होतं. काम करताना डावा हात पाठीमागे, ओढणीत खोचलेला. एका हातातून लागली तर बोट भाजेल, दोन्ही हातांतून गेली तर छातीतून जाईल, हे तिने मला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मीही डावा हात खिशात घालायला शिकलो. "दुसरा हात वेवजीला ठेवून आलीस का?" असं मी चिडवायचो. ती हसायची, पण हात पुढे काढायची नाही. मी सांगितलं म्हणूनही ती कशाला हात लावायची नाही. मी म्हणावं, "बघितलंय मी, रिकामा आहे," की तिने पुन्हा बल्ब लावलाच. याचा मला फार राग यायचा. माझ्या दुकानात माझ्या शब्दाला किंमत नाही म्हणजे काय?

सरावलीचा धोंडू म्हणून एक गिऱ्हाईक होतं. त्याचा फवारणीच्या पंपाचा चार्जर कुणीतरी आधी उघडला होता आणि आत विजेची बाजू आणि माणसाची बाजू यांच्यामधला कॅपॅसिटर काढून साधा स्वस्त बसवला होता. तो फुटला की पंपाच्या दांडीत भिंतीतली वीज. योगिताने योग्य तो कॅपॅसिटर आणेपर्यंत चार्जर परत द्यायला साफ नकार दिला. धोंडूने दुकान डोक्यावर घेतलं, मीही त्याच्या बाजूने दोन शब्द बोललो. योगिताने शांतपणे पक्कड घेतली आणि चार्जरची वायर कापून टाकली. चार दिवसांनी धोंडू चार्जर न्यायला आला तो तिच्यासाठी पपई घेऊन.

तिचा बाप बाबल्या कधीमधी दुकानात यायचा. दारातल्या स्टुलावर बसायचा, लेकीचा हात चालताना बघायचा, चहा प्यायचा आणि निघून जायचा. वीस वर्षं तो दगडाच्या क्रशरवर होता. त्या धुळीने त्याची फुप्फुसं खाल्ली. पुढे पुढे बस स्टँडपासून दुकानापर्यंत यायला त्याला तीनदा थांबावं लागायचं. मग येणं बंदच झालं. गेली दोन वर्षं तो घरीच होता, आणि त्याच्या खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन होतं. एका संस्थेने दिलेलं. त्याची नळी नाकात घातली की बाबल्या बसू शकायचा, चार घास खायचा, शेजारच्या पोरांशी बोलायचा. नळी काढली की ओठ काळे पडायला लागायचे. वीज गेली तर हाताशी म्हणून एक लहान सिलिंडरही घरात होता.

योगिता रोज वेवजीहून शेअर जीपने यायची आणि अंधार पडायच्या आत परत जायची. सकाळी निघताना त्या मशीनच्या प्लगला हात लावून बघायची, गरम तर नाही ना. हे तिची आई जानी मला नंतर सांगत होती.

मे महिन्यातला बुधवार होता, तिच्या सुट्टीचा दिवस. वाऱ्याने पाड्यावरच्या तारा एकमेकींना लागल्या, विजेने उसळी मारली, आणि पाड्यातले दोन पंखे आणि बाबल्याचं मशीन एकदमच गेले. अकराच्या सुमाराला तिचा फोन आला.

"शेठ, मशीनचं कार्ड मेलं. आतली सप्लाय उठत नाही. फ्यूज शाबूत आहे, आयसी गेलाय बहुतेक. आपल्याकडे आहे तो, तिसऱ्या खणात. तो आणि मीटर घेऊन या. बा सिलिंडरवर आहे."

"अँब्युलन्स?"

"केला फोन. हायवेवर टँकर उलटलाय, गाड्या सगळ्या तिकडे. अर्ध्या तासात येते म्हणाले. सिलिंडर दीडेक तास जाईल. सावकाश या, पण या."

सावकाश या म्हणाली. मी काय सावकाश जाणार! तिसरा खण उपसला, सप्लाय चालवणारे ते आयसी घेतले, सोल्डरिंग गन, वायर, फ्यूज, हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं. बायकोवर, भाविकावर, उगाच खेकसलो की किल्ली कुठे ठेवलीस. किल्ली माझ्याच खिशात होती. मोटारसायकलला किक मारली आणि सुटलो. तलासरी ओलांडल्यावर लक्षात आलं की मीटर टेबलावरच राहिला. तो बल्बही तिथेच खिळ्याला टांगलेला. परत फिरायला वेळ नव्हता. मी स्वतःला एक शिवी हासडली आणि पुढे गेलो.

घरात पाऊल टाकलं तेव्हा सव्वाबारा झाले होते. बाबल्या खाटेवर पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. जानी त्याच्या पाठीला छातीचा टेकू देऊन मागे बसली होती. सिलिंडरचा काटा लालमध्ये शिरलेला. अँब्युलन्स अजून अर्ध्याच तासावर होती. योगिता जमिनीवर चटई टाकून बसली होती, मशीन उघडलेलं, सप्लायचं कार्ड बाहेर काढलेलं.

"मीटर द्या," ती हात पुढे करून म्हणाली.

"राहिला."

तिने माझ्याकडे बघितलं.

मग तिने घरातला होल्डर खाली काढला. त्यात एलईडीचा बल्ब होता, आता सगळ्यांच्याच घरी असतो तसला, पांढरा. त्याला दोन वायरी जोडल्या, कॅपॅसिटरच्या पायांना लावल्या. बल्ब लख्ख पेटला, क्षणभर राहिला आणि विझला.

"विझला," मी म्हणालो. "लाग कामाला."

ती तशीच बसून राहिली. "शेठ, हा एलईडी आहे. पिवळा कसा हळूहळू मावळतो. हा एकदम गेला. याचा मला भरवसा नाही." आणि दाराकडे तोंड करून शेजारणीला हाक मारली, "सोमीकाकी, तुझ्या कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायचा बल्ब आहे ना, पिवळा? तो काढून आण. पळ!"

सोमी पळाली. तिचं घर शेताच्या त्या टोकाला. योगिता चटईवर बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर. खाटेवर बाबल्याच्या घशातून असा आवाज यायला लागला की माझ्याने तो ऐकवेना. आणि ही बसलेली! मांडीवर हात ठेवून!

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. जे ओरडलो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं.

"बल्ब विझला म्हणजे रिकामा, हे तूच मला शिकवलंस ना? मी सांगतो रिकामा आहे! तिकडे बाप मरतोय आणि तू बल्ब कसले शोधतेस? लाव हात!"

आठ वर्षांत तिने माझ्या शब्दावर कशाला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

टेबल नव्हतं, कार्ड चटईवर सरकत होतं, म्हणून ते तिने डाव्या हाताने धरलं. पाठीमागचा हात पुढे आला हे मी बघितलं. बघितलं आणि गप्प राहिलो. उजव्या हातातला चिमटा आयसीच्या पायाला लागला आणि ती किंचाळलीसुद्धा नाही. नुसती मागे फेकली गेली, भिंतीवर आदळली. कार्ड हातातून उडालं आणि जात्याच्या दगडावर आपटलं.

ती शुद्धीवर होती. डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पण दोन्ही हात कोपरापासून थडथडत होते आणि थांबत नव्हते. मी तिला उठवून बसवलं. तिने पहिल्यांदा विचारलं ते कार्डाचं. मी उचलून दाखवलं. एका कोपऱ्यातून तडा गेला होता, वीज नेणाऱ्या तांब्याच्या सहा-सात रेघा तुटल्या होत्या.

तेवढ्यात सोमी धापा टाकत आली. ओच्यात पिवळा बल्ब होता, अजून कोमट. चार मिनिटंही झाली नव्हती.

पुढची वीस मिनिटं मी कशी सांगू? योगिताने थरथरत्या हातांनी होल्डरमधला एलईडी काढून तो बल्ब लावला आणि वायरी पुन्हा कॅपॅसिटरला टेकवल्या. बल्बची तार बारीक लालसर झाली आणि हळूहळू मावळली. म्हणजे एवढं होऊनही आत शिल्लक होतंच. मग तिने मला कार्ड घट्ट धरायला लावलं, आपला डावा हात पाठीमागे नेला, आणि तुटलेल्या एकेका रेघेवर वायरीचा तुकडा ठेवून सोल्डरचा डाग द्यायला लागली. हात उडायचा, डाग भलतीकडे पडायचा, ती तो पुसून परत द्यायची. तोंडाने मोजत होती. एक झाला. दोन झाले. तिची पाठ खाटेकडे होती.

माझं तोंड खाटेकडे होतं. चौथा डाग होईपर्यंत सिलिंडरची सुरसुर थांबली होती. पाचव्याला बाबल्याचे हात गुडघ्यांवरून सुटले. जानीने त्याला तसंच छातीशी धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. सांगू नको, एवढाच त्याचा अर्थ. मी सांगितलं नाही. सहावा झाला, सातवा झाला, आयसी बसला. तिने पिवळा बल्ब मधे जोडून आधी वीज दिली, बल्ब एकदा चमकून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. मग सरळ प्लग लावला. मशीन घरघरलं, हिरवा दिवा लागला.

"बा, झालं बघ," म्हणत ती नळी घेऊन वळली. तोंडावर हसू होतं.

तिने ती नळी त्याच्या नाकात घातली. नीट, कानांमागून वळवून. घालून झाल्यावर तिला कळलं.

अँब्युलन्स दोन वाजता आली. डॉक्टरांनी योगिताच्या हातांना मलम लावलं, छातीचा ईसीजी काढला, तिला काही धोका नाही म्हणाले. गर्दी जमली होती. कुणीतरी विचारलं, झालं काय? मी तोंड उघडायच्या आधी तीच म्हणाली, "माझी चूक. मीटर नसताना हात लावला. कार्ड पडलं, वेळ गेला." एवढंच. माझं नाव नाही, माझं ओरडणं नाही. आणि मी, जो कपात साखर कमी पडली तरी आवाज चढवतो, तो मी गप्प उभा राहिलो. दिवसकार्याला गेलो तेव्हाही तिचा मामा म्हणत होता, एवढं शिकून काय उपयोग, पोरीने बाप घालवला. मी पानावरचा भात खाल्ला आणि घरी आलो.

दुकानात येऊन मी एक मेलेली सप्लाय घेतली, चार्ज केली आणि तसलाच एलईडी लावला. लख्ख पेटला, एकदम विझला. मीटर लावला. एकशे बेचाळीस व्होल्ट. पिवळा बल्ब शेवटचा थेंब पिऊन विझतो. हा आपल्यापुरतं मिळेनासं झालं की डोळा मिटतो, आणि उरलेलं तसंच आत ठेवतो. तिला हे त्या चटईवर नुसतं बघून कळलं होतं. तीस वर्षं दुकान चालवणाऱ्या मला मीटर लावावा लागला. मी मीटर आपटला, मग उचलला. चालत होता.

योगिता परत कामावर आली नाही. आता हद्दीपलीकडे गुजरातमधल्या एका कारखान्यात खोके भरते. फोन केला तर उचलते, "बरी आहे शेठ" म्हणते आणि ठेवते. तीन महिने मी हे गिळून होतो. मग एका सकाळी, ती कामावर गेली असेल अशा वेळी, वेवजीला गेलो. जानी ओट्यावर शेंगा सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पोरगी थांबली होती, बरोबर थांबली होती, मी ओरडलो म्हणून तिने हात लावला, चूक माझी आहे, मी पाड्यात सगळ्यांना सांगतो, तिच्या मामालाही सांगतो. माझा आवाज फाटला. मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

जानी शेंगा सोलत राहिली. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करते, मलाही.

"मी बहिरी आहे का रे?" ती म्हणाली. "त्याच खोलीत होते मी. तू ओरडलास ते ऐकलं मी."

"मग कुणाला बोलली का नाहीस?"

तिने टोपली बाजूला सरकवली.

"तू एकदा ओरडलास. तू यायच्या आधी तासभर मी काय करत होते? लाव हात, लाव हात, काय बघत बसलीस, बाप तुझा आहे का नाही. शेठ येईपर्यंत थांब, म्हणून पोर रडत होती आणि मी तिला शिव्या देत होते. तिने माझं नाव घेतलं नाही. तुझंही नाही घेतलं." तिने ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकले. "तू जाऊन सांगशील, मोकळा होशील. मग मलाही सांगावं लागेल. आणि मी हे चारचौघांत बोलले की ती या घरात राहणार कशी माझ्याबरोबर?"

मी तिथेच ओट्यावर बसलो.

"तिला दुकानात परत ने," जानी म्हणाली. "ते जमत असेल तर बोल."

मी त्याच संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. योगिता पाळी सुटल्यावर बायकांच्या घोळक्यात बाहेर आली. मी म्हणालो, "चल परत. टेबल तुझं आहे. माझ्या शब्दावर तू कशाला हात लावू नकोस, मी पुन्हा कधी सांगणार नाही."

तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. काही भाजलेलं नव्हतं, डाग नव्हता.

"शेठ, आता बल्ब विझतो, मीटर शून्य दाखवतो," ती म्हणाली, "तरी मला खरं वाटत नाही."

तिची जीप लागली होती. मागच्या बाईने तिला हाक मारली, आणि ती गेली.